गुजरीची आई

"बाई, ही झालीय. हिला दुसऱ्यांदा टोचू नका."

सुई मेंढीच्या कातडीत शिरणार, एवढ्यात ही चिमुरडी मला शिकवायला लागली. माझं डोकंच फिरलं. सकाळी सातपासून त्या उघड्या माळावर वाकून वाकून माझ्या कमरेचा भुगा झाला होता. त्यात खुणेच्या रंगाची बाटली दगडावर पडून फुटली होती, त्यामुळे कुठल्या मेंढीला लस दिली आणि कुठलीला नाही याचा काही मेळ लागत नव्हता. एकशे चाळीस मेंढ्या. सगळ्या काळ्या-करड्या, सगळ्या एका तोंडवळ्याच्या.

"तुला गं कसं कळलं?" मी खेकसले. "कपाळावर लिहिलंय का तिच्या?"

"ही चिमणी हाय. मघाशीच झाली, काळीच्या मागनं. हिची बहीण राहिलीय. ती बघा, मान खाली घालून लपलीय."

आणि ती पोरगी त्या गर्दीत शिरली, वाकली आणि एका मेंढीचा मागचा पाय धरून तिला ओढत माझ्यापुढे घेऊन आली. दहा-अकरा वर्षांची असेल. अंगात कुणा मोठ्या माणसाचा सदरा, तो गुडघ्यांच्या खाली आलेला. पायांना भेगा, डोक्यात केसांचा गुंता.

माझी ओळख आधी करून देते, नाहीतर ही कोण भांडखोर बाई असं वाटायचं. मी शैला बोऱ्हाडे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते, आता निवृत्त होऊनही बारा वर्षं झाली. डॉक्टर नव्हते, तरी गावोगाव लोक डाक्टरीणबाईच म्हणायचे. तोंडाने फटकळ म्हणून मी तालुकाभर प्रसिद्ध. ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, नगर जिल्ह्याच्या पठारावरची. जुलै महिना होता. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणात उतरलेले मेंढपाळ पावसाच्या तोंडावर परत वर आले होते आणि मी त्यांच्या तळावर लस टोचत हिंडत होते.

हा कळप धुळाजीचा. धुळाजी म्हणजे पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको ठकूबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती.

त्या पोरीची परीक्षाच घ्यावी म्हणून मी हाताला येईल ती मेंढी धरली. "ही कोण सांग."

"सुरमी. हिची आई ती शिंगवाली. हिला गेल्या थंडीत जुळं झालं, एक गेलं."

"आणि ही?"

"ही सुरमीचीच पोर. घाटात झाली, चालता चालता. मी पोत्यात घालून आणली."

दहा झाल्या, वीस झाल्या. मी हट्टाने कोपऱ्यातल्या, पाठमोऱ्या, चिखलाने माखलेल्या मेंढ्या दाखवत गेले. ती एकदाही अडखळली नाही. प्रत्येकीचं नाव, आई, आजी, कुणाची किती वेतं झाली, कोण कुठल्या तळावर जन्मली, सगळं तोंडपाठ. मी तीस वर्षांत एवढी जनावरं बघितली, पण एक तांबडी गाय दुसऱ्या तांबडीपासून ओळखताना आजही माझी दांडी उडते.

"वा गं वा!" मी म्हणाले. "नाव काय तुझं?"

"बुधी."

शेवटी एक कपाळावर पांढरा ठिपका असलेली, तरतरीत मेंढी आपणहून तिच्या मांडीला येऊन घासायला लागली. "आणि ही लाडोबा कोण? हिची आई कुठली?"

"ही गुजरी," बुधी पहिल्यांदाच हसली. "हिची आई इथं नाही. ती आमच्या घरी हाय."

"ए!" मागून धुळाजी ओरडला. "पाणी आण जा बाईंना!"

पोरीचं हसू जे विझलं ते विझलंच. ती घागर घेऊन पळाली.

"कुणाची रे पोर ही?" मी विचारलं.

"बायकोची भाची. सुट्टीला आलीय, आठ दिस झालं."

"जुलै महिन्यात कसली रे सुट्टी?"

धुळाजीने पागोटं सारखं केलं आणि मेंढ्यांकडे बघत राहिला. ठकूबाईची भाकरी तव्यावर करपली तरी तिने वर बघितलं नाही.

आठ दिवसांत कुणी एकशे चाळीस मेंढ्यांच्या आज्या-पणज्या पाठ करतं का? लस संपवून मी निघाले तेव्हा बुधी पाणवठ्यावर भेटली. मी विचारलं, "घर कुठं गं तुझं?" तिने आधी तळाकडे बघितलं, मग म्हणाली, "वाडी."

"कुठली वाडी?"

"आमची वाडी." मग एकदम हळू आवाजात, "बाई, मी बोलले म्हणून सांगू नका. नायतर आईला पोलीस नेतील."

दुसऱ्याच दिवशी मी तालुक्याला जाऊन लेखी तक्रार दिली. कोकणातल्या डोंगरवाड्यांवरची कातकऱ्यांची पोरं मेंढ्यांमागे राबायला आणतात, हे मी ऐकून होते. नुसतंच ऐकून होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

चौथ्या दिवशी आम्ही तळावर गेलो. कामगार खात्याचे एक तरुण साहेब, एक महिला पोलीस, मी, आणि जीप चालवायला गफूरभाई. साहेब मन लावून विचारत होते, पण धुळाजीने उत्तरं घोटून ठेवली होती. भाची आहे, आठ-दहा दिवसांपूर्वी आली, जत्रा झाली की जाईल. ठकूबाईने खाली बघत मान हलवली. साहेबांनी बुधीला जवळ घेतलं, बिस्कीट दिलं, गोड बोलून विचारलं. बिस्कीट तिने खाल्लं नाही, मुठीत धरून ठेवलं. महिला पोलिसाचा गणवेश बघून ती इतकी आक्रसली होती की सदऱ्यात माणूस आहे की नाही कळू नये.

अर्धा तास गेला. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मॅडम, मुलगी काही बोलतच नाही. मी कागदावर काय लिहू?"

मला रडू फुटायचं बाकी होतं. आम्ही आता जीपमध्ये बसलो की संपलं. उद्या धुळाजी तळ हलवणार आणि ही पोर कुठल्या माळावर गेली हे कुणालाही कळणार नाही.

तेवढ्यात ती पांढऱ्या ठिपक्याची गुजरी नेहमीसारखी आली आणि बुधीच्या पायाशी उभी राहिली.

"एक मिनिट साहेब," मी म्हणाले. "मला लसीच्या नोंदवहीत एक गोष्ट लिहायची राहिली. धुळाजी, ही मेंढी कुणाच्या दुधावर वाढली?"

"आईच्या," धुळाजी बेफिकीर म्हणाला. "आणि कुणाच्या?"

"खोटं!"

सगळे वळले. बुधी ताठ उभी होती, गाल लाल झाले होते. भीती-बिती कुठल्या कुठे गेली होती. तिच्या मेंढीबद्दल कुणी चुकीचं बोललं होतं आणि ते काही तिला सहन होईना.

"खोटं हाय! हिची आई तर त्या दिवशीच नेली. ही एवढीशी होती, पंधरा दिसाची. काळी हिला पाजत नव्हती, लाथा मारायची. मी रोज काळीचे पाय धरायचे आणि मग ही प्यायची. मला दोनदा लागलं, हे बघा." तिने हनुवटीखालचा वण दाखवला.

"कुठल्या दिवशी नेली गं आई?" मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी आले त्याच दिवशी. शंकऱ्या मला घेऊन आला आणि हिच्या आईला घेऊन गेला. आमच्या घरी द्यायला."

मी गुजरीला धरलं, तिचा खालचा ओठ खाली केला. "साहेब, इकडे या. मोजा."

"काय मोजू?"

"दात. मेंढीचं वय तोंडात असतं. दुधाचे पडून मोठे किती आलेत?"

साहेब गुडघ्यावर बसले. "दोन... चार."

"चार दाती. म्हणजे दोन वर्षं उलटली, थोडी जास्तच. आणि ही पंधरा दिवसांची होती तेव्हा या पोरीने हिला जगवलंय. आता लिहा आठ दिवस!"

धुळाजी काही बोलायला गेला, पण बुधी आता थांबणारी नव्हती. तिला वर्ष-महिने ठाऊक नव्हते. ती एकेका मेंढीला हात लावत निघाली आणि कोण कुठे जन्मली ते सांगत गेली. ही भाताच्या वावरात, शेतकऱ्याने तांदूळ दिला त्या दिवशी. ही घाटातल्या वळणावर. ही गारा पडल्या तेव्हा, मी अंगाखाली घेतली म्हणून वाचली. ही पुन्हा खाली उतरलो त्या दुसऱ्या वर्षी, पुलाखाली. तीन वेळा घाट चढली होती, दोन वेळा उतरली होती, पायी, आणि ती सगळी वाट या पोरीने मेंढ्यांच्या जन्मांवर बांधून ठेवली होती. साहेबांचं पेन धावत होतं. महिला पोलीस तोंडावर हात ठेवून उभी होती. मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या दिवशी त्या माळावर चप्पल काढून उभं राहावंसं मला वाटलं.

धुळाजी दगडावर बसला. "पोरगी उपाशी मेली असती तिथं," तो म्हणाला. "हितं भाकर तरी मिळती. बिचाऱ्यांना एक मेंढी दिली मी, चांगली दुधाची." त्याला खरंच तसं वाटत होतं. तेच मला जास्त लागलं.

निघताना ठकूबाई जीपपाशी आली. तिने आपलं घोंगडं बुधीच्या खांद्यावर टाकलं आणि मागे फिरली.

पुढे धुळाजीवर रीतसर खटला झाला. आमच्यापुढचा प्रश्न वेगळाच होता. जिल्ह्याच्या बालगृहात अर्ज भरायला बसले तेव्हा बुधीला विचारलं, आईचं नाव काय. ती म्हणाली, "आई." वडिलांचं? "बा. तो भट्टीवर कोळसा पाडायचा." गावाचं नाव? "वाडी."

एकशे चाळीस मेंढ्यांच्या पिढ्यांची माहिती सांगणाऱ्या पोरीला स्वतःच्या आईचं नाव माहीत नव्हतं. आठ वर्षांची असताना नेली होती तिला, आठव्या वर्षी आईला कोण नावाने हाक मारतं? शंकऱ्या नावाचा तो दलाल पसार होता. धुळाजी एवढंच सांगत होता की घाटाखाली रस्त्याकडेला तळ होता, तिथे आणून दिली. घाटाखाली असल्या वाड्या शेकड्यांनी.

साहेब हताश झाले. मी म्हणाले, "साहेब, आपण उगीच तिला नावं विचारतोय. तिला तळ विचारा."

महिनाभराने तिला घेऊन घाटाखाली जायची परवानगी मिळाली. बुधी माझ्याशिवाय जीपमध्ये बसेना, म्हणून मीही गेले. गफूरभाईंच्या शेजारी घोंगडं पांघरून ती पुढे बसली, काचेला नाक लावून.

घाट उतरलो. धो धो पाऊस, पुढचं दिसत नव्हतं. बुधी मध्येच म्हणायची, "थांबा. इथं शिंगवालीला पिल्लू झालं." मग पुढच्या वळणावर, "आता उजव्या हाताला. इथं काळी पाण्यात पडली होती." गफूरभाई पंचवीस वर्षं जीप चालवत होते. ते मला हळूच म्हणाले, "मॅडम, या पोरीला रस्ता माहीत नाही. तरी ती मला रस्ता दाखवतेय. या खुदा!"

दुपारी तिने एका मोडक्या पाटाजवळ जीप थांबवली. एक मोठा उंबर, शेजारी गवताचं रान. बुधी खाली उतरली, उंबराला हात लावला. "हितं. हितं मी गुजरीला पहिल्यांदा पाजली. हितं शंकऱ्यानं मला आणलं." मग डावा हात वर करून नदी दाखवली. "आम्ही सकाळी निघालो. नदी ह्या बाजूला होती. उन्हं डोक्यावर आली तेव्हा पोचलो."

पोर नदी डाव्या हाताला धरून आली होती, म्हणजे आता ती उजवीकडे ठेवून उलटं जायचं. एका पोराची अर्ध्या दिवसाची चाल. त्या पट्ट्यात तीन वाड्या निघाल्या. पहिल्या वाडीत कुणी ओळखलं नाही. दुसऱ्या वाडीत जीप बघून लोक रानात पळाले. तिसरीपर्यंत रस्ताच नव्हता, चिखलातून चालत गेलो. कुडाच्या दहा-बारा झोपड्या, छपरांवर प्लास्टिक आणि पळसाची पानं. बुधी मध्यभागी उभी राहिली आणि एकेका झोपडीकडे बघायला लागली. दोन-तीन बाया दारात आल्या. बुधी त्यांच्या तोंडांकडे बघत होती आणि मला दिसत होतं की तिला कळत नाही. तिला आईचा चेहरा आठवत नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "मला नाही कळत."

मी तिचा हात धरला. आणि त्याच वेळी टोकाच्या झोपडीतून आवाज आला. मेंढी ओरडली.

आता हे नीट ऐका. कोकणात पठारावरची मेंढी जगत नाही. हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकले आणि शेवटच्या वर्षापर्यंत तेच बघितलं. पावसाने तिची लोकर कुजते, खुरं सडतात, छाती भरते. म्हणून तर मेंढपाळ पावसाआधी जिवाच्या आकांताने वर पळतात. त्या वाडीत मेंढी असूच शकत नव्हती.

"गुजरीची आई!" बुधी किंचाळली आणि पळत सुटली.

मी मागोमाग आत गेले. झोपडीत जमीन ओली होती, एका कोपऱ्यात फाटकी गोधडी आणि दोन मडकी. जळण भिजलेलं. आणि उरलेल्या अर्ध्या झोपडीत, बांबूचं कमरेएवढं मचाण बांधलेलं, त्यावर कोरडा पाला, आणि त्या पाल्यावर एक मेंढी. कपाळावर पांढरा ठिपका. लोकर कातरलेली, अंग कोरडं ठणठणीत, डोळे स्वच्छ. माणसं खाली ओल्यात झोपत होती आणि मेंढी वर. दोन पावसाळे काढले होते तिने, तिसरा चालू होता.

मागून कुणीतरी आलं. डोक्यावर ओल्या पाल्याचा भारा, अंगाचा नुसता सापळा झालेली एक बाई. तिने आधी मला बघितलं, माझी छत्री, बूट, हातातला कागद. बुधी मचाणाच्या पलीकडे वाकली होती, ती तिला दिसली नाही. बाईने भारा खाली टाकला. घाईघाईने मेंढीचं दावं सोडलं आणि ते माझ्या हातात कोंबलं. तिचे हात गार पडले होते.

"आलात व्हय," ती म्हणाली. "ही घ्या. लय वाट बघितली. जिती ठेवलीय, बघा, काही झालं नाही तिला. पोरीचा बा दुखण्यात गेला, लोक म्हणाले मेंढी विक, कापून खा, मी नाही दिली. चार चार दिस चूल नव्हती, तरी नाही दिली. तुमची जितीची जिती परत देते, बाई. माझीपण जिती परत द्या."

ती मेंढी म्हणजे पोरीचं मोल होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. की सांगितलं होतं आणि तिने ते मानलं नव्हतं? तिच्या लेखी ते तारण होतं. एक जीव घेऊन एक जीव ठेवला होता, तो नीट ठेवला की आपला परत मिळणार. त्या एका समजुतीवर तिने डोंगराएवढ्या पावसाशी झुंज दिली होती. मी तालुकाभर फटकळ म्हणून ओळखली जाणारी बाई. पण मी नुसतं ते दावं मुठीत आवळून धरलं.

मचाणापलीकडे बुधी गुडघ्यावर बसली होती. तिने मेंढीचा पुढचा पाय वर उचलला, बोटाने चिकटलेला पाला काढला आणि खूर डोळ्याजवळ धरून बघितलं. मग दुसरा पाय. मग तिसरा.

"सडली नाहीत," ती म्हणाली. तिने मान वर केली. "बारीक कापलीत. कुणी कापली हिची खुरं?"

ती बाई आवाजाकडे वळली. बराच वेळ बघत राहिली. दोन वर्षांत पोर वीतभर वाढली होती.

"मी," ती म्हणाली. "मीच कापते, बुधे. कोयत्यानं."

बुधी उठली, मचाणाखालून वाकून अलीकडे आली. दोघी खालच्या चिखलातच बसल्या आणि मग जे रडणं सुरू झालं, ते ऐकून सगळी वाडी दाराशी गोळा झाली. दावं तसंच माझ्या हातात होतं आणि ते आता कुणाला द्यावं, हे मला काही केल्या सुचेना.